माधवच्या जाळीमागे

माधव कंधारकर माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आला तेव्हा खुर्चीत मागे टेकायला तयार होईना. दातांच्या डॉक्टरची खुर्ची टेकण्यासाठीच केलेली असते. त्याचा समोरचा दात अर्धा तुटलेला, वरचा ओठ टम्म सुजलेला, आणि हा सहा फुटांवरचा गडी बोर्डाच्या परीक्षेला बसल्यासारखा ताठ. इंजेक्शनची भीती वाटते का, असं मी विचारलं. मोठ्या अंगाची माणसं सुईला जास्त भितात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

"भीती नाही, ताई," तो म्हणाला. "खुर्चीमागं जरा जागा करता येते का? एक माणूस उभा राहील एवढी."

खुर्ची जमिनीला बोल्टने पक्की केलेली. माझा हैदराबादच्या नल्लकुंट्यातला दवाखाना म्हणजे किराणा दुकानाच्या गाळ्याचा मागचा भाग, तिथे आम्हीच अंग चोरून वावरतो. तरी माझ्या मदतनीस मुलीने आणि मी मिळून औषधांचं कपाट कोपऱ्यात सरकवलं. जागा झाली की नाही हे त्याने मान वळवून बघितलंसुद्धा नाही. नुसता टेकला आणि आ केला.

मी पुण्याची असल्यामुळे कारण विचारल्याशिवाय मला राहवत नाही, आणि दातांची डॉक्टर असल्यामुळे समोरच्याचं तोंड उघडं असतानाच प्रश्न विचारायची मला खोड आहे. मी विचारत राहिले, तो घशातून हुंकार देत राहिला. शेवटी एवढं कळलं की हा विद्यानगरला आमच्या समोरच्याच फ्लॅटमधल्या कंधारकर काकूंचा मुलगा, परदेशात फुटबॉल खेळतो तोच, आणि दात तिकडे एका मॅचमध्ये कुणाच्या तरी कोपराने गेला.

त्याच दिवशी एक गोष्ट घडली. माझ्या ट्रेवरचा चिमटा कडेला होता, माझा हात लागून तो त्याच्या डोक्यामागे पडला. माधवचे डोळे मिटलेले होते. डावा हात मागे गेला आणि चिमटा जमिनीला लागायच्या आत मुठीत आला. मग तोंडातल्या कापसासकट तो माझ्या मदतनीस मुलीला म्हणाला, थँक्स, तुम्ही "एडमा" म्हणालात म्हणून कळलं. एडमा म्हणजे तेलुगूत डावीकडे. ती मुलगी समोरच्या सिंकपाशी भांडी धूत होती. ती म्हणाली, मी काहीच बोलले नाही. माधवने डोळे उघडले, आणि स्वतःशीच पुटपुटला, "मैदानाबाहेर कधी बोलत नाही तो."

मी ते गुंगीच्या खात्यात टाकलं. दाताच्या इंजेक्शनने गुंगी येत नाही, हे मला माहीत होतं.

पुढे तो सुट्टीवर आला की भेट व्हायची. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. आमच्या घरात क्रिकेटच. पण माधवसारखा शेजारी असला की गोलकीपर हा काय प्राणी असतो ते आपोआप कळायला लागतं. त्याचे हात मी इतके जवळून बघितले आहेत की डोळे मिटून काढता येतील. दोन बोटं कायमची वाकडी, एका अंगठ्याला नखच नाही, आणि तळवे मात्र बाईचे असावेत तसे मऊ, सतत हातमोज्यात राहून झालेले. हंगाम संपला की जुने हातमोजे तो आईकडे आणायचा. काकू ते शिकेकाई घालून धुवायच्या आणि गॅलरीतल्या दोरीवर चिमट्यांनी लटकवायच्या. सकाळी चहाचा कप घेऊन मी माझ्या गॅलरीत यावं तर समोर ओळीने दहा-बारा हात, बोटं खाली करून, वाऱ्यावर हळूहळू हलणारे. सवय व्हायला मला बराच काळ लागला. ओल्या हातमोज्यांची बोटं वाळताना आत वळतात. दुपारपर्यंत त्या सगळ्यांच्या मुठी झालेल्या असायच्या.

स्वभावाने तो गप्प नव्हता. चेष्टेखोर होता, हैदराबादी होता. आमच्या पुणेरी मराठीची नक्कल करून दाखवायचा आणि वर मलाच म्हणायचा, ताई, तुम्ही बोलता ते पुस्तक, आम्ही बोलतो ते जिंदगी. त्याची काही ठरलेली वाक्यं होती. "गोल खाल्ला की दहाजण गोलकीपरकडं बघतात, आणि गोलकीपर जाळीकडं." किंवा, "फॉरवर्ड चुकला तर म्हणतात नशीब, मी चुकलो तर म्हणतात माधव." लिफ्टमध्ये शिरला की दाराला नाक लावून उभा राहायचा आणि मागचा कोपरा रिकामा ठेवायचा. लिफ्ट भरलेली असेल तर जिने चढून यायचा. ऑटोत सीटच्या कडेवर बसायचा. फोटो काढताना भिंतीपासून दूर. बाकीची माणसं पाठीला आधार शोधतात, हा पाठ मोकळी ठेवायचा. मी त्याला एकदा म्हटलं, अरे, तुझ्या मागे कुणी सावकार फिरत असल्यासारखा वागतोस. तो हसला, पण हसताना मान जराशी तिरकी केली, जसं मागच्या माणसालाही विनोद ऐकू गेला का हे बघावं.

विद्यापीठाच्या मैदानावर खेळायला लागलेला हा मुलगा आधी कलकत्त्याला गेला, तिथून मालदीवला, मग ओमानला, आणि शेवटी फिनलंडमधल्या एका लहान गावात. त्या गावाचं नाव माझ्या जिभेला कधी वळलं नाही, काकूंच्या तर नाहीच. काकू त्याला "बर्फाचं गाव" म्हणायच्या. तिकडे त्याला घेतलं ते राखीव म्हणून. मुख्य गोलकीपर आजारी पडला तर उभा करायला. पहिल्याच संधीला पेनल्टी मिळाली समोरच्यांना. पेनल्टी म्हणजे गोलकीपर एकटा, मारणारा एकटा, मध्ये काही नाही. बहुतेक वेळा गोल होतोच. माधवने ती अडवली. पुढची पण अडवली. मग तो राखीव राहिला नाही. तिकडच्या माणसांना हा दक्षिणेतून आलेला सावळा, पातळ ताक पिणारा, कानटोपीवर कानटोपी घालणारा माणूस चेंडू कुठे येणार हे आधीच कसा ओळखतो याचं भारी नवल. ते विचारायचे, तू मारणाऱ्याच्या पायाकडे बघतोस की डोळ्यांकडे? तो सांगायचा, मी कुणाकडेच बघत नाही. ते खरंच होतं. पेनल्टीच्या वेळी त्याची मान खाली असायची, ऐकत असल्यासारखी. मी पुढे फोनवर पाहिलं आहे.

माधवच्या नर्सिंग नावाच्या दोस्ताची गोष्ट मला काकूंनी सांगितली. मी त्यांना कवळी बसवून दिली होती आणि ती जमते का बघायला समोर गेले होते. कवळी जमत होती. कवळी नवीन असली की माणसं जास्त बोलतात.

नर्सिंग आदिलाबादकडचा. आईबाप लहानपणीच गेलेले, मामाने हॉस्टेलला टाकलं आणि नंतर मामाचाही पत्ता नाही. तारनाक्याला विद्यापीठाच्या ज्या मैदानावर माधव जायचा तिथे हाही यायचा. एक गोलकीपर, एक फॉरवर्ड. रोज संध्याकाळी मॅच संपून सगळे गेले की हे दोघं पेनल्टीचा खेळ खेळायचे. नर्सिंगची मस्ती अशी की चेंडू मारायच्या आधी तो ओरडून दिशा सांगायचा. "एडमा!" म्हणजे डावीकडे. "कुडी!" म्हणजे उजवीकडे. सांगून तिकडेच मारायचा आणि तरी गोल व्हायचा. मग दोघं घरी यायचे. नर्सिंग काकूंना अम्मा म्हणायचा आणि जमिनीवर मांडी घालून ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी खायचा. तो तिला गोंगुरा म्हणायचा, काकू अंबाडी म्हणायच्या, आणि भाजी नक्की कुणाची, तेलुगू लोकांची की मराठी लोकांची, यावर रोज भांडण. माधव अंबाडीला हात लावत नसे, त्याला आंबट चालत नाही. त्याच्या वाटणीची नर्सिंगच्या पानात.

मग एका स्थानिक मॅचमध्ये हे दोघं समोरासमोरच्या संघांत आले. वरून चेंडू आला, माधव झेलायला उडाला, नर्सिंग डोकं लावायला उडाला. गोलकीपर उडताना एक गुडघा वर घेतो. शिकवतातच तसं, अंगावर येणाऱ्यापासून वाचायला. गुडघा नर्सिंगच्या पोटात बसला. रेफरीने खेळ थांबवला नाही, कुणी तक्रार केली नाही. नर्सिंग उठला, हसला, पाणी प्यायला, मॅच पुरी खेळला. संध्याकाळी काकूंकडे जेवायला आला नाही. हॉस्टेलच्या खोलीत पडून होता, पोट दुखतंय म्हणाला. सकाळी गेला.

"दोष कुणाचाच नव्हता, डॉक्टरीणबाई," काकू म्हणाल्या. "सगळे हेच बोलले. पोलीस बोलले, कोच बोलले. माझ्या लेकानं एक शब्द नाही बोलला. खाली मान घालून बसला तो बसलाच."

माधवने खेळणं सोडलं. भाकरी पुढे आली की उठून जायचा. काकूंना भीती वाटली की हाही जातो आता. तेवढ्यात पितृपंधरवडा आला. कंधारकर काका तोपर्यंत वारलेले होते. सर्वपित्री अमावास्येला काकूंनी त्यांचं पान वाढलं, खीर, वडे, कढी. आणि त्यांच्या मनात आलं, त्या पोराला तर कुणीच नाही. त्याचं नाव घेऊन पाणी सोडणारं माणूस या जगात नाही. म्हणून त्यांनी शेजारी दुसरं पान मांडलं. खिरीबरोबर अंबाडीची भाजी वाढली. गच्चीवर नेऊन ठेवलं. काकांच्या पानाला कावळा शिवायला दुपार झाली, नर्सिंगच्या पानावर मात्र काकूंचा हात निघायच्या आत बसला.

इथपर्यंत काही चुकलं नव्हतं. ज्याला कुणी नाही त्यालाही त्या दिवशी वाढतात, हे मला माझ्या सासूबाईंनीही सांगितलेलं आहे. चूक पुढे झाली. त्या अमावास्येला पितरांना जेवू घालतात आणि निरोप देतात. तृप्त व्हा, आपल्या जागी जा, म्हणतात. काकूंनी नवऱ्याला तसं सांगितलं. नर्सिंगला मात्र त्या म्हणाल्या, तू जाऊ नको. माझ्या लेकावर राग ठेवू नको, त्याच्याकडं बघ, त्याला सांभाळ.

"आणि दुसऱ्या दिवशी माधव किट उचलून मैदानावर गेला," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, देवानं ऐकलं."

मी कवळीचा डबा बंद केला. असल्या गोष्टींवर मी विश्वास ठेवत नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलंही. काकू म्हणाल्या, हौ, तुम्ही शिकलेल्या. मग त्यांनी मला एक बरणी दाखवली. दर वेळी जाताना त्या माधवबरोबर अंबाडीचं लोणचं द्यायच्या. अंबाडीला तो हात लावत नाही हे ठाऊक असूनही. बरणी दर वेळी रिकामी परत यायची, पुसून घेतल्यासारखी. माधवला विचारलं तर म्हणायचा, तिथली पोरं खातात.

त्याच्या मॅच त्या फोनवर बघायच्या. तो छोटा क्लब, त्यांचा एकच कॅमेरा, मैदानाच्या मध्यावर उंच खांबाला बांधलेला. आपल्याकडे संध्याकाळ व्हायची तेव्हा तिकडे दुपार असायची. काकूंना फोन नीट लावता येत नसे, म्हणून मी दवाखान्यातून आल्यावर त्यांच्याकडे जायला लागले, आणि मग नुसती सवयच झाली. त्या वाटाणे सोलायच्या, मी बघायची. चित्र लहान, माणसं मुंग्यांएवढी. पावसाळी राखाडी उजेड, कुंपणापलीकडे पांढऱ्या खोडांची झाडं, पाच-पन्नास प्रेक्षक, जाड कोटांत गुरफटलेले.

"थंडी वाजत नसेल का त्याला?" काकू एकदा म्हणाल्या.

मला वाटलं माधवबद्दल बोलतायत. त्यांनी बोट ठेवलं ते माधवच्या मागे. जाळीच्या पलीकडे एकजण उभा होता. सगळे कोटात असताना हा अर्ध्या बाह्यांत. हात खाली, पाय जरा फाकलेले. मी म्हटलं, असेल कुणी क्लबचा माणूस, बाहेर गेलेला चेंडू आणून देणारा. चेंडू बाहेर गेला. तो हलला नाही, दुसऱ्याच कुणीतरी धावत येऊन आणला. मी म्हटलं, फोटोग्राफर असेल. काकू वाटाणे सोलत राहिल्या. मध्यंतर झालं, संघांनी बाजू बदलल्या, माधव पलीकडच्या गोलमध्ये गेला. मी पहिल्या गोलच्या मागे बघितलं. तिथे आता कुणी नव्हतं. दुसरीकडे बघायची मला इच्छा नव्हती, पण बघितलं. तो माधवच्या मागेच होता.

मी घरी येऊन देवापाशी दिवा लावला. एरवी ते काम माझे यजमान करतात.

माधवला मी हे विचारलं ते त्याच्या पुढच्या सुट्टीत. बोट मोडल्यामुळे तो हंगामाच्या मध्येच आला होता, हाताला प्लास्टर. दात दाखवायला आला, मी न सांगता कपाट सरकवलं, आणि या वेळी त्याचं तोंड बंद असताना विचारलं. तो लपवाछपवी करत बसला नाही. बहुतेक कुणीतरी विचारावं अशी वाटच बघत असावा.

"मी कधी मागं वळून बघितलं नाही, ताई. नुसता आवाज येतो. पहिल्यांदा कलकत्त्याला आला. मी घाबरून तिकडं उडी मारली, चेंडू हातात. पूर्वी तो समोरून मारायचा, तेव्हा त्याचं डावं ते माझं उजवं असायचं. आता दोघांचं डावं एकच आहे."

मी विचारलं, तुला त्याची भीती वाटते का? तो म्हणाला, भीती सुरुवातीला वाटली, मग सोबत वाटायला लागली. बर्फाच्या गावात हिवाळ्यात दिवस उजाडतच नाही म्हणे, तेव्हा मोकळ्या मैदानावर एकट्याने धावताना मागे पावलं वाजायची आणि बरं वाटायचं. मग त्याने जे सांगितलं ते मला आजही टोचतं. तो म्हणाला, "आता माझे दोन-चार हंगाम राहिले. लोक म्हणतात, कंधारकरसारखा पेनल्टी अडवणारा नाही. आणि मला माहीतच नाही, ताई, की मी गोलकीपर आहे का. एक तरी चेंडू मी अडवला का? माझ्या हातानं, माझ्या अकलेनं? की मी नुसता त्याचा हातमोजा आहे?"

सर्वपित्रीला काकूंनी नर्सिंगला काय सांगितलं होतं ते मी त्याला सांगितलं. मी म्हटलं, आईशी बोल.

तो बोलला. त्या दिवशी मी समोरच होते, आणि निघायला उठले तर काकूंनी हाताला धरून बसवलं. पुरणपोळीसाठी डाळ शिजत होती. माधवने अगदी साधेपणाने सांगितलं की यंदा अमावास्येला नर्सिंगला निरोप दे. जेवू घाल, जे काय त्याला आवडतं ते घाल, पण थांब म्हणू नको.

"पानावर बसवलेल्या माणसाला उठवू का मी?" काकू म्हणाल्या. "कुठं जाईल तो? त्याला आहे का कुणी?"

माधव म्हणाला, मला एकदा एकट्याने उभं राहायचं आहे. काकू म्हणाल्या, एकटा उभा राहिलास आणि काय झालं, ते मी एकदा बघितलंय. भाकरी सोडून तू उठून जायचास. तेव्हा नर्सिंगला मी मागून घेतलं म्हणून तू आहेस. माधवने विचारलं, आणि त्याचं काय? त्याला किती वर्षं उभं ठेवणार आहेस, थंडीत? यावर काकू डाळ ढवळायला उठल्या. हो म्हणाल्या नाहीत. प्लास्टर निघाल्यावर तो गेला, तेव्हा आईला वाकून नमस्कार केला, बरणी मात्र घेतली नाही. ओट्यावरच राहिली ती.

त्या वर्षी त्याच्या क्लबचं काही खरं नव्हतं. तळाला राहणाऱ्या संघाला खालच्या गटात ढकलतात, आणि यांची शेवटची मॅच त्यावरच येऊन ठेपली. जिंकले तर राहिले, बरोबरीही चालणार होती. हरले तर क्लब खाली, आणि माधवसारख्या वय झालेल्या परदेशी गोलकीपरला पुढचं वर्ष कुणी विचारणार नव्हतं. मॅच नेमकी सर्वपित्रीच्या दिवशी आली. मी मुद्दाम दवाखाना बंद ठेवला. काकूंनी मला जेवायला बोलावलं होतं.

गच्चीवर ऊन होतं. दोन पानं मांडली. काकांना त्यांनी नेहमीचे शब्द सांगितले. दुसऱ्या पानापाशी मात्र त्या बराच वेळ बसून राहिल्या. अंबाडीची भाजी जरा जास्तच वाढली होती. पलीकडच्या टाकीवर कावळा येऊन बसला होता, एरवीसारखा झडप घालत नव्हता, नुसता मान तिरकी करून बसला होता. काकूंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. मी बाजूला उभी. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"जेव बाबा नर्सिंग," त्या म्हणाल्या. "पोटभर जेव. आणि जा आता. अम्माचं काम झालं. तुझं झालं."

कावळा आला. एकच घास घेतला आणि विद्यापीठाच्या झाडांकडे उडून गेला. आम्ही खाली आलो, जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही. घरातून कुणीतरी निघून गेल्यावर जशी शांतता असते तशी होती.

संध्याकाळी मी फोन लावला. माधव मैदानात आला, दोन्ही खांबांना हात लावला, गोलच्या मध्ये येऊन उभा राहिला. जाळीच्या मागे कुंपण होतं, झाडं होती, विरळ पाऊस पडत होता. दुसरं कुणी नव्हतं. काकूंनी फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि परत माझ्याकडे दिला.

त्याला ते मैदानात उतरल्याउतरल्या कळलं असावं. खेळ सुरू व्हायच्या आधी तो एकदम मागे वळला. इतक्या वर्षांत त्याला वळलेला मी पहिल्यांदा बघत होते. तो जाळीकडे तोंड करून उभा राहिला, रेफरीने शिट्टी मारली तरी. मग कुणीतरी येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा पुढे फिरला.

मॅचचं मला काय कळणार. बरोबरी चालली होती एवढं कळलं. माधव वाईट खेळत होता हेही कळलं, कारण तो खांबापाशी घुटमळत होता, बाहेर यायला बिचकत होता. काकू जपमाळ घेऊन बसल्या होत्या पण माळ ओढत नव्हत्या. आणि अगदी शेवटी, संपत आलेली असताना, समोरच्यांना पेनल्टी मिळाली.

"मी मारलं त्याला," काकू म्हणाल्या. कुणाला ते मी विचारलं नाही.

मारणारा उंच, पिवळ्या केसांचा. त्याने चेंडू ठेवला आणि मागे मागे गेला. माधवची सवयीने मान खाली गेली होती, ऐकण्यासाठी. मग मी बघितलं, त्याने मान हळूहळू वर केली आणि समोरच्याकडे बघायला लागला. पायाकडे, डोळ्यांकडे, खांद्यांकडे, नवा शिकणारा बघेल तसा. मारणारा धावत आला. माधवने उडी मारली, उशिरा मारली, मला वाटलं गेला. पण त्याचा वरचा हात पोचला होता. चेंडू बोटांना लागून खांबावर आदळला आणि बाहेर.

त्याच्या संघातले सगळे त्याच्या अंगावर पडले. ढिगाऱ्यात तो दिसेना. मी ओरडले, यजमान समोरच्या घरातून काय झालं म्हणून धावत आले. काकूंना मी हलवून सांगितलं, काकू, अडवला, त्याने अडवला, एकट्याने. काकूंनी मान हलवली. माझ्यासारख्या त्या हसत नव्हत्या.

तो आता तिकडेच असतो, तरुण गोलकीपरांना शिकवतो. काकूही गेल्या वर्षी त्याच्याकडे गेल्या. समोरच्या फ्लॅटमध्ये दुसरी माणसं आली. मी त्याला त्या संध्याकाळनंतर बघितलं नाही, म्हणून मला आठवतो तो त्या फोनमधलाच.

मॅच संपली, माणसं गेली. खांबावरचा कॅमेरा बंद करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. रिकामं मैदान दिसत होतं आणि मी फोन बंद करणार होते, तेवढ्यात माधव परत आला. एकटाच. गोलमध्ये गेला आणि आमच्याकडे पाठ करून, जाळीकडे तोंड करून खाली बसला, नर्सिंग जेवायला बसायचा तशी मांडी घालून, असं काकू म्हणाल्या. तो काहीतरी बोलत होता. आवाज येत नव्हता पण हात हलत होते, चेंडू कसा आला, आपण कसे उडालो, कोणतं बोट लागलं ते तो कुणाला तरी दाखवत होता. सगळं सांगून झालं. मग त्याने हात मांडीवर ठेवले, मान तिरकी केली, आणि उत्तराची वाट बघत बसून राहिला.